चिकटलेली दोन पानं

त्या आषाढात आमच्या घरात दोन गोष्टी सुकायचं नाव घेत नव्हत्या, कपडे आणि यांच्या पायाची जखम. लोणावळ्याच्या पावसात कपड्यांचं कुणी मनावर घेत नाही. शेगडीवर बांबूचं डालगं पालथं घालायचं, त्यावर कपडे पसरायचे आणि धुराच्या वासाची सवय करून घ्यायची. जखमेचं तसं नव्हतं. पावसाआधी घरावरचा पत्रा ठोकताना यांचा पाय एका गंजक्या तुकड्यावर पडला होता. आज भरेल, उद्या भरेल करत महिना गेला आणि पाऊल काळंनिळं पडलं. डॉक्टर घरी येऊन स्पष्टच सांगून गेले, "गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. शुक्रवारपर्यंत सही द्या. विष वर चढलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

हे रेल्वेत फिटर, दिवसभर उभ्याचं काम. हे भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाले, "एका पायाचा फिटर कुणी पाहिलाय? मी सही करायचा नाही." डॉक्टरांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. यांची समजूत घालायची सोडून मी ताठ मानेने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमचा प्रभूवर विश्वास आहे. पाय कापायची गरज पडणार नाही."

मला एवढा जोर आला होता तो एका पुस्तकामुळे. लोणावळ्यात आम्ही ख्रिस्ती कुटुंबं थोडीच, पण आमच्यात पुस्तकांचा एक गठ्ठा घरोघर फिरायचा. विश्वासात जगलेल्या माणसांच्या जीवनकथा, आजारपणात आलेल्या देवाच्या अनुभवांच्या साक्षी, दूरदेशी गेलेल्या प्रभूच्या सेवकांच्या हकिकती. पंधरा दिवस एका घरी, मग मेणकापडात बांधून पुढच्या घरी. गठ्ठा दारात आला की मला नाताळासारखं व्हायचं. पवित्र शास्त्र मी लहानपणापासून वाचत होते, पण त्यातली माणसं मला फार मोठी वाटायची. या पुस्तकांतली माणसं माझ्यासारखीच होती. चिडायची, घाबरायची, प्रार्थना करताना पेंगायची, आणि तरी देव त्यांना टाकत नव्हता. वाचताना माझी छाती भरून यायची, कुणाला सांगू आणि कुणाला नको असं व्हायचं. तोवर चुलीवरचा भात करपलेला असायचा. हे ताटावर बसून विचारायचे, "आज पुस्तकातल्या कुणाला जेवायला घातलंस?"

त्या वेळच्या गठ्ठ्यात एका गवंड्याची जीवनकथा होती. दगड पडून त्याचा उजवा हात चेचला आणि सडू लागला. हात कापायचा म्हणताच तो गुडघ्यांवर बसला आणि देवाशी भांडू लागला. तिथे पान संपलं. मी अधाशासारखं पान उलटलं, तर पुढे तो गाणी गात गावोगाव फिरत होता, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत होता! मी टाळीच वाजवली. पाहा, प्रार्थनेने हात वाचला! गवंड्याचा हात वाचवणारा देव फिटरचा पाय सोडून देईल का? मी यांना ती गोष्ट तोंडी सांगितली. दोघांनी मिळून प्रार्थना केली आणि म्हणूनच डॉक्टर आले तेव्हा त्यांना परत पाठवलं.

बुधवारी दुपारी यांचा ताप चढला. ओठ सुकले, बोलणं तुटक झालं. मी प्रार्थनेला बसले, पण तोंडातून तक्रारच निघाली. त्या गवंड्याला दिलंस, मग मला का नाही? माझा विश्वास कुठे कमी पडला? रागाच्या भरात मी ते पुस्तक डालग्यावरच्या ओल्या सदऱ्यांवर आपटलं. त्या क्षणी माझ्या विश्वासाचा धागा तुटायलाच आला होता, हे आज लिहितानाही लाज वाटते.

तेवढ्यात मागच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोंगरातल्या वाडीवरची असावी. पावसासाठी पाठीवर बांबूच्या काड्या-पानांचं इरलं, हातात खेकड्यांची टोपली, कुसगावला विकायला निघालेली. "बाय, शेगडीपाशी जरा बसू का? लय गारठलेय."

"बस की मावशी," म्हणून मी चहा टाकला. हात शेकता शेकता तिचं लक्ष पुस्तकाकडे गेलं.

"ह्ये असं आडवं न्हाई टाकायचं. दमट हाय, उभं कर." तिने ते स्वतःच उचललं, पानं बोटांनी चाचपली आणि थांबली. "हितं दोन पानं चिकाटल्यात बग."

"राहू दे," मी तुटकपणे म्हणाले. "वाचून झालंय माझं."

"झालंय कसं? ह्ये तर उघडलंच न्हाई." तिने इरल्यातली बांबूची एक बारीक काडी उपसली आणि अगदी हलक्या हाताने पानांमध्ये सरकवली. "मला वाचाया येत न्हाई, पर पानं सोडवाया येत्यात. पत्रावळीची पळसाची पानं आमी अशीच सोडवतो." पानं सुटली. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं.

गवंड्याचीच गोष्ट होती ती, माझ्या घाईत आणि पावसाच्या ओलीत राहून गेलेली. सात दिवस तो देवाशी भांडला होता. आठव्या दिवशी म्हणाला होता, हातही तुझा आणि मीही तुझा, काय ठेवायचं ते तू ठरव. मग त्याने डाव्या हाताचा अंगठा कागदावर उमटवला आणि उजवा हात कापून घेतला. म्हणजे तो मुलांच्या डोक्यावर डावा हात ठेवत होता! आणि मी वाचताना समजत होते, तो वाचलेला उजवा हातच असेल.

"अहो, ऐका! आपलं चुकलं!" मी धावतच यांच्या उशाशी गेले. मोठ्याने वाचलं, हुंदके देत वाचलं. हे डोळे मिटून ऐकत होते. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"मग पुढे भिंती कशा बांधायचा तो?"

मी भराभर पानं चाळली. "पोरांना शिकवायचा. ओळंब्याची दोरी डाव्या हातात धरून."

यांनी डोळे उघडून पांघरुणाखालच्या पायाकडे पाहिलं. मग त्या तापातही यांच्या ओठांवर हसू आलं. "तुझ्या घाईने मेलोच होतो की गं मी. जा, डॉक्टरांना बोलाव."

मी मागच्या दारी आले तर म्हातारी नव्हती. कप विसळून पालथा ठेवलेला होता. डॉक्टरांकडे जाताना मी तिला शोधलं, पण धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस खेकडे विकणाऱ्या बायकांना विचारत राहिले. ती कोण होती हे मी ठरवत बसत नाही. ज्याने पाठवली त्याचे आभार मानते.

यांचा पाय गेला, हे राहिले. रेल्वेत यांना सिग्नलचे दिवे पुसून त्यांत तेल भरायचं, बसून करण्यासारखं काम मिळालं. नाताळला लाकडी पायाने टकटक करत हे उपासनेला आले आणि साक्ष द्यायला उठले. "माझ्या बायकोने देवाच्या गोष्टीतली दोन पानं गाळली होती," हे म्हणाले. "अक्षरओळख नसलेल्या एका मावशीने ती उघडून दिली." मंडळी हसली. मला मात्र रडू आवरेना.

त्याआधी मी देवाकडे शेवट ठरवूनच जायची. आता मागणं मागून झालं की म्हणते, प्रभू, मधली पानं तुझी. हे म्हणणं सोपं नाही, रोज नव्याने म्हणावं लागतं. गठ्ठा पुढच्या घरी गेला तेव्हा ती बांबूची काडी मी त्या दोन पानांमध्येच ठेवली. दुसऱ्या पावसाळ्यात पुस्तक फिरून आमच्या घरी आलं. काडी जागच्या जागी होती. हे म्हणाले, "वाच मोठ्याने." मी चुलीवरचा भात आधी उतरवून ठेवला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.