तीन केस की चार

"ही आमची बाटल्या धुणारी. ऐकून ऐकून पोपटासारखी बोलते."

सर हसत म्हणाले. सगळा हॉल हसला. मी चहाचा ट्रे धरून उभी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भिवंडीतल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी शिपाई होते. बी.एस्सी. झालेली शिपाई. सरांचं फुलकिड्यांवरचं काम बघायला विद्यापीठातून एक तज्ज्ञ मॅडम आल्या होत्या. फुलकिडा म्हणजे पिकाचा रस शोषणारा किडा, तांदळाच्या कणीहून बारीक. मॅडमनी विचारलं होतं, "वांग्यावर या दोन जाती एकत्र सापडल्या, तर वेगळ्या ओळखल्या कशा?"

सर म्हणाले, "रंगावरून."

माझ्या तोंडून निघून गेलं, "रंग फसवतो, सर. थंडीत तीच जात काळपट होते. पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या कडेचे केस मोजायचे. तीन असले तर कांद्यावरची जात. चार असले तर दुसरी."

त्यावर मी पोपट झाले.

ते केस मीच मोजले होते. दोन वर्षं. अंबाडी गावाकडच्या शेतांत जायचं, वांग्याची फुलं कागदावर झटकायची, किडे घेऊन यायचं. मग काचपट्टीवर एकेकाचे पंख, पाय सुईनं पसरायचे. हात हलला की किडा गेला. आधी मलाही दोन्ही जाती सारख्याच दिसायच्या. एका दुपारी चौथा केस दिसला. मी सरांना अक्षरशः ओढत आणलं. ते म्हणाले, "तू मला मुलीसारखी. लेखात तुझं नाव माझ्या शेजारी छापून येईल."

मी खरं मानलं. कामतघरच्या खोलीत आईला सांगितलं. आई मूळची वळ गावची. सरांच्याच घरच्या शेतावर राबलेली. म्हणाली, "त्यांच्या दारात आमाला पानी वरून वतायचे. आन् आता तुजं नाव त्यांच्या शेजारी येनार हाय?" आणि रडली.

छापील लेख हॉलमधल्या टेबलावरच होता. मी ट्रे ठेवला, लेख उचलला. आकृत्या माझ्या. एकेक केस माझ्या हातचा. नावं दोन. सरांचं आणि त्यांच्या पुतण्याचं. पुतण्या प्रयोगशाळेत एकदाच आला होता, फोटो काढून घ्यायला.

"सर, माझं नाव?"

ते जवळ आले. हळू बोलले. "अगं, तुमच्या लोकांच्या हातात कसब असतं. डोकं आमचं लागतं. जा, चहा दे."

लाज नाही वाटली. आईला उगाच रडवलं, याचं वाईट वाटलं.

चहा दिला नाही. मी मॅडमना म्हणाले, "सूक्ष्मदर्शक इथंच आहे. दोन काचपट्ट्या लावते. सरांना ओळखायला सांगा."

सरांनी डोळा लावला. पहिली चुकली. दुसरीही. मी दोन्ही सांगितल्या. मॅडमनी स्वतः केस मोजले. माझ्याकडे बघून होकारार्थी मान हलवली. मग गाडीत बसून गेल्या.

लेखावरची नावं बदलली नाहीत. मला स्टोअररूमला टाकलं. सहा महिन्यांनी सर तिथं आले. पुढचा लेख अडला होता.

"झालं गेलं सोड. परत ये."

"आधी नाव. लेखी द्या."

"शिपायाचं नाव?"

"हो. शिपायाचंच."

ते निघून गेले. मी तिथंच स्टुलावर बसून एम.एस्सी.चा अर्ज भरला. कुणाच्या आशीर्वादाची वाट आता बघणार नाही. काम माझं असेल तर नाव माझंच लागेल. नाहीतर सुईला हात लावणार नाही.