काचेवरचं आडनाव

फाटकासमोर रिक्षा उभी केली. फाटकात अक्का, सराफ बाजारातल्या एका शेठच्या घरच्या. एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्यात फोन. त्यांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे. अंगठा हलला. माझ्या फोनवर आलं, राइड रद्द.

"अक्का, मी आलोय," म्हटलं.

"दुसरी येतेय. तुम्ही जा."

दोन वर्षं हीच बाई जळगावच्या बाजारातून भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्याच रिक्षात बसायची. "भाऊ, सावकाश," म्हणायची. तेव्हा भाऊ होतो. ॲपने आडनाव दाखवलं आणि मी बाटवणारा झालो.

स्टँडची रांग मी याच कारणाने सोडली होती. तिथे रिक्षा नंबराने सुटतात. पण सकाळी मंदिराची सवारी आली आणि नंबर माझा असला, की स्टँडवरचे म्हातारे नाना हात आडवा घालायचे. "तू थांब. मंदिरनी सवारी शे." मी रिक्षा मागे घ्यायचो, मागचा पुढे जायचा. मी मान खाली घालून थांबायचो. त्या थांबण्याची मला आजही लाज वाटते.

मग ॲप आलं. वाटलं, यंत्राला कुठली जात? जो जवळ, त्याला सवारी. हुरळून लायसन्सवरचं अख्खं नाव भरलं. नाना निदान तोंडावर थांबवायचे. इथे गिऱ्हाईक घरबसल्या नाव वाचतं आणि हाकलतं. जाब विचारायला समोर माणूसच नाही.

फाटकावरून तडक स्टँडवर गेलो. नानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आडनाव काढी टाक ना. बठ्ठासनी सोय व्हई."

डोकं फिरलं. माझ्या बापाचं नाव पुसायचं, या सगळ्यांच्या सोयीसाठी. सरळ पेंटर गाठला. समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीवर ठसठशीत आडनाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पुन्हा स्टँडच्या रांगेत रिक्षा लावली. पहिला नंबर माझा. मंदिराची सवारी आली. नानांचा हात वर गेला.

"नाना, नंबर मना शे," म्हटलं आणि चावी खिशात घातली.

मागच्यांनी हॉर्न वाजवले. सवारीने काच वाचली, तोंड वाकडं केलं आणि पायी निघाली. जाऊ दे. ज्याला बसायचं त्याने नाव वाचून बसावं. रिक्षा आता मागे घेणार नाही.