बसलेला घाणा

आमच्या साबणापेक्षा आमचे किस्सेच जास्त दिवस टिकले. लातुरात कुणाच्या हळदीकुंकवाला गेले की एखादी विचारतेच, "काकू, तो दांड्याचा साबण काय होता हो?" एक सांगितला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा निघतो, आणि मला घरी जायला उशीर होतो.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. बाहेर लढाई चालू, बाजारातून साबण गायब. आम्ही तिघी माईच्या अंगणात साबण करायचो. माईचे यजमान शाळामास्तर होते. ते गेले तेव्हा तिनं तिशीही ओलांडली नव्हती. त्यांच्या कपाटात साबणाचं एक पुस्तक सापडलं, तिथून सगळं सुरू झालं. शेवंता तेल्याच्या घरची, करडीचं तेल तिच्याकडचं. मी शेजारीण, घोटायला.

यात चूल पेटवायची नसते. कॉस्टिक सोड्याचं पाणी गार करायचं, तेलात ओतायचं आणि घोटत बसायचं. पिठल्यासारखं दाट झालं की ट्रेमध्ये ओतायचं. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि महिनाभर फळीवर पिकू द्यायच्या. कच्चा साबण अंगाला लावला तर कातडं सोलून निघतं.

तिसऱ्या घाण्याला शेवंता म्हणाली, "वास कायतरी पाह्यजे गं. लोकायचं धोतर माझ्या घरावानी वास मारून राह्यलंय." घरात दाढदुखीचं लवंगेचं तेल होतं. मी चांगलं चार चमचे ओतलं. शेवंता "पुरे" म्हणेपर्यंत घमेल्यात दगड! घोटायची रवी मधोमध उभी. शेवंतानं रवी धरून ओढली, तर खालचं घमेलंसुद्धा उचललं गेलं.

"बसला की घाणा," माई शांतपणे म्हणाली. तेव्हापासून आमच्यात तोच शब्द.

* * *

रवी काही निघेना. माईनं विळ्यानं भोवतीचा साबण तासला आणि दांड्यावर नारळाएवढा गोळा ठेवला. महिन्यानं गल्लीतला पैलवान आला, त्याला दाखवला. तो म्हणाला, "माई, आजवर पाठीला साबण लावायला मला दुसरा माणूस लागत होता."

पुढच्या आठवड्यात तालमीतले तिघं दारात. "दांड्याचा हाय का?"

आमच्या तिघींच्या घरातल्या रव्या त्या महिन्यात संपल्या. माझ्या सासूबाईंनी ताक चमच्यानं घुसळलं, आणि त्यावर त्या काय बोलल्या ते मी हळदीकुंकवात सांगत नसते.

* * *

आता माईच्या गाडीचं सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

तिचं सासर मुरुडला. मोठं घर, दोन्ही वेळेला वीस पानं. सासऱ्यांचं, म्हणजे आण्णांचं, म्हणणं, विधवा सून लातुरात एकटी राहते हे बरं दिसत नाही, इथं येऊन सैपाकघर सांभाळावं. एकदा गेली असती तर माई त्या चुलीपुढून परत उठली नसती. तिला ते ठाऊक होतं, आम्हाला पण.

न्यायला धाकटा दीर आला, दिगंबर. धिप्पाड गडी, बोलणं मोजकं. "वहिनी, आण्णांनी गाडी धाडलीय."

माई म्हणाली, "भाऊजी, तहसीलदारांच्या घरी शंभर चौकोनी वड्यांचा शब्द दिलाय. तेवढा घाणा पिकला की येते."

दिगंबर रिकामी गाडी घेऊन गेला. सासरे शब्दाला जपणारे. दिलेला शब्द पुरा करून ये, असा त्यांचा निरोप आला. दिगंबर रिकामी गाडी घेऊन गेला.

महिन्यानं परत आला. "झाल्या वड्या?"

"घाणा बसला, भाऊजी."

* * *

बसलेल्याचं करायचं काय? दगड व्हायच्या आधी थोडा वेळ तो कणकेसारखा असतो. हाताला फडकी गुंडाळून आम्ही लाडू वळले. शेवंताला लाडू जमेनात, तिनं सरळ भाकरी थापल्या. एका खेपेला दिगंबर आला तेव्हा माळवदावर चाळीस भाकरी वाळत होत्या.

"ह्ये काय?"

"साबण," माई म्हणाली.

त्यानं एक उचलली, उलटी करून बघितली. "आमच्या घरच्या भाकरीपेक्षा गोल हाय," म्हणाला, आणि बैल वळवले.

* * *

शेवंताचं माहेर बार्शीकडं. वाटेत निजामाची हद्द संपायची, तिथं नाका. तिच्या गठुड्यात साबणाचे लाडू. नाक्यावरच्या अंमलदारानं एक आपटून बघितला, फुटेना.

"ये क्या है?"

"साबन हाय, सायेब."

"साबन चौकोन रहता."

शेवंता कशाला ऐकते? तिनं त्याचा रुमाल मागून घेतला, तिथल्याच बादलीत धुऊन पांढराफेक करून दिला. त्यानं सोडलं.

परत येताना त्यानं पुन्हा अडवलं. समोर सहा सदरे ठेवले आणि म्हणाला, "आज भी शक है."

* * *

तहसीलदारांच्या वड्यांचे असे पाच घाणे बसले. प्रत्येक खेपेला माई घोटायला बसायची, आणि प्रत्येक खेपेला लवंग. एकदा तर ती बाटली कमरेला खोचून बसलेली मी बघितली. मी म्हटलं, "माई, यानंच बसतो ना?"

"वास बरा येतो," ती म्हणाली.

सहाव्या घाण्याला बाटली रिकामी होती. सगळा बाजार पालथा घातला, लवंगेचं तेल कुठं मिळेना. घाणा असा उतरला की काय सांगू. पांढऱ्या, गुळगुळीत शंभर वड्या, मास्तरांच्या फूटपट्टीनं कापलेल्या. शेवंता त्या फळीवर लावताना रडली. महिनाभर आम्ही त्या वड्या पिकताना बघत होतो. शेवटच्या दिवशी माईनं वळकटी बांधून दारात ठेवली.

दिगंबर आला. वळकटी बघितली. फळीपाशी जाऊन एक वडी हातात घेतली, नखानं टोकरली, जिभेला लावून बघितली. झोंबली नाही, म्हणजे पिकली होती.

"या वाकड्या हायत," तो म्हणाला.

मी फूटपट्टी आणायला उठले, तर तो पुढं म्हणाला,

"तहसीलदाराच्या घरी असल्या द्यायच्या व्हय? शब्द दिलाय आपण." त्यानं शंभरच्या शंभर वड्या पोत्यात भरल्या आणि गाडीत टाकल्या. वळकटी उचलून आत नेऊन ठेवली. मग बंडीच्या खिशातून चिंधीत गुंडाळलेली एक बाटली काढली आणि घमेल्याशेजारी ठेवली. चिंधी सोडायच्या आधीच वास आला.

"आण्णांच्या दाढेला आणलं होतं," तो म्हणाला. "दाढ पडली. लावा घाणा, वहिनी. महिन्यानं येतो."