तापत्या सळईतले उणे आकडे

एकोणीसशे साठच्या आसपास मला बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत आकडेमोडीची नोकरी लागली. इलेक्ट्रॉनिक यंत्र अजून आमच्याकडे यायचं होतं. एका खोलीत आम्ही तिघी, प्रत्येकीपुढे हाताने फिरवायचं गणनयंत्र आणि चौकटींचे मोठे कागद.

साहेब पुण्याहून आलेले. त्यांनी एकदा धातूच्या सळईचं काम दिलं. एक टोक एकदम तापवलं तर उष्णता आत कशी सरकत जाते, ते काढायचं होतं. सळईची जाडी सगळीकडे सारखी नसल्यामुळे समीकरण थेट सुटत नव्हतं. म्हणून सळईचे वीस तुकडे पाडायचे, वेळेचेही टप्पे पाडायचे. प्रत्येक जागेचं नवं तापमान तिच्या आणि दोन्ही शेजारच्या जागांच्या जुन्या तापमानांवरून काढायचं. एक ओळ संपली की खालची.

खोलीचं तापमान आम्ही शून्य धरलं होतं. बाराव्या ओळीत मला उणे आकडा आला. पुढे एक अधिक, एक उणे, असे आकडे फुगतच गेले.

"तुमची आकडेमोड चुकली आहे," साहेब म्हणाले. "तापणारी सळई खोलीपेक्षा थंड कशी होईल? पुन्हा करा."

दोन दिवस खपून पुन्हा केली. तेच आकडे. आमच्यातल्या वयाने मोठ्या बाई माझ्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांना आम्ही अक्का म्हणत असू. त्यांनी माझा कागद न बघता सगळं वेगळं करून पाहिलं.

"तुझं सरी आहे गं," त्या म्हणाल्या. "स्वल्प ते सूत्रच बघ." सरी म्हणजे बरोबर, स्वल्प म्हणजे जरा; त्यांच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली असे.

बघितलं. जागेच्या स्वतःच्या जुन्या तापमानाला ज्या आकड्याने गुणायचं, तोच मधल्या बारीक भागात उणे होता. म्हणजे जागा जितकी तापलेली, तितकी ती पुढच्या ओळीत खाली ओढली जाणार. मी कागद घेऊन साहेबांकडे गेले.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. वेळेचा टप्पा मोठा आहे, सर. निम्मा केला तर गुणक उणे होत नाही."

"काम दुप्पट होईल."

"होईल."

त्यांनी पेन्सिल घेऊन तो गुणक स्वतः काढून पाहिला. मग ते आमच्या खोलीत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आकडेमोड बरोबर होती. टप्पा मी चुकीचा दिला."

पाच आठवडे लागले. उष्णता सळईत व्यवस्थित उतरत गेली, एकही उणे आकडा आला नाही. अहवालात आमचा उल्लेख 'गणन विभाग' एवढाच होता. मात्र तेव्हापासून नवं काम आलं की साहेब सूत्र आधी माझ्याकडे पाठवत.

गुणक उणे होणार नाही इतका टप्पा लहान हवा, ही अट पुस्तकांत आधीपासून होती, हे मला वर्षभराने वाचनालयात कळलं. थोडी हिरमुसले. मग ते पुस्तक घरी नेलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.