खाली नाव दीक्षाचं

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या आतल्या वायरींचे जुडगे बांधतात. दीक्षा आणि मी दोघी थेरगावच्या. डांगे चौकात कंपनीची बस धरतो आणि शेजारी बसतो, सतरा वर्षं झाली. लाइनवर तिला सगळ्या ताई म्हणतात. मी म्हणत नाही, मी तिच्याहून दोन महिन्यांनी मोठी आहे.

आमच्याकडे दर महिन्याला प्रत्येकीनं एक कायझेन द्यायचं असतं. म्हणजे कामात सुचलेली छोटीशी सुधारणा फॉर्मवर लिहून द्यायची: आधी काय होतं, नंतर काय केलं, फायदा काय झाला. पसंत पडलं तर कँटीनच्या भिंतीवर फोटो लागतो आणि एक कॅसरोल मिळतो. सुचतं सगळ्यांनाच, पण पेन हातात घेतलं की घाम फुटतो. मग दीक्षा डबा बाजूला सारून आमचे फॉर्म लिहायची. फोटो आमचे, मजकूर तिचा. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, मलाही नाही.

गेल्या वर्षी ट्रेनरची जागा निघाली. नव्या मुलींना काम शिकवायचं, आणि ते दीक्षाइतकं कुणालाच येत नाही. तिला तीच जागा हवी होती. पण एचआरचे साहेब म्हणाले, "काम येतं हो तुम्हाला. पण लिहिलेलं, मांडलेलं असं तुमच्या नावावर काय आहे? सहा महिन्यांनी परत इंटरव्ह्यू घेऊ, तोवर काहीतरी दाखवा." अर्धी भिंत तिनं लिहिलेली. पण तसं बोलली असती तर आमचे फोटो उतरले असते.

त्याच आठवड्यात तिनं फेसबुकवर पान काढलं. पान तिच्या मुलीनं, मिनलनं उघडून दिलं. लिहिणार मात्र स्वतः, असं दीक्षानं बजावलं. पहिली पोस्ट अशी: "समस्या: नवीन कामगारांचे मनगट दुखणे. कारण: अयोग्य पकड. उपाय: योग्य पकड." अकरा लाइक आले, त्यातले चार तिच्या घरचेच.

मी बसमध्ये तिला सरळ सांगितलं, "हे वाचताना मला डोक्यावर कंपनीची टोपी घातल्यासारखं वाटतंय. पोरींशी तू अशी बोलतेस का?"

तिला राग आला. दोन दिवस खिडकीबाहेर बघत बसली. तिसऱ्या दिवशी लाइनवर नव्या पोरीला शिकवताना स्वतःचंच बोलणं लक्ष देऊन ऐकू लागली आणि बसमध्ये ते मोबाइलवर उतरवू लागली. एकेक पोस्ट चारचारदा खोडायची. माझ्याकडून वाचून घ्यायची आणि मी जांभई दिली की ते वाक्य उडवायची. चार महिने एकही आठवडा चुकवला नाही.

मग ही पोस्ट आली:

"पोरी, बोर्डाकडं बघून घाबरू नको. त्यावर वायरी दीडशे आहेत, पण आज तुझ्या वाट्याला नऊच. टोक नीट बसलं की टक् होतं. लाइनच्या गोंगाटात ते कानाला नाही, बोटाला कळतं. मग वायर मागं ओढून बघ. सुटली तर चूक इथंच सापडली. ओढलीच नाहीस, तर ती चूक गाडीत बसून परगावी जाईल."

कंत्राटावरच्या मुलींनी ती या ग्रुपवरून त्या ग्रुपवर पाठवली. दुसऱ्या कंपन्यांतल्या पोरी तिला मेसेज करून अडचणी विचारू लागल्या. आणि एक दिवस आमच्या कंपनीच्या पानावर तीच पोस्ट झळकली, शब्द न् शब्द. खाली लिहिलं होतं: आमच्या प्रशिक्षण विभागाकडून.

दीक्षा तडक साहेबांकडे गेली, मला बरोबर घेऊन. "खाली माझं नाव टाका," म्हणाली.

"अहो मॅडम, शेवटी सगळं टीमचंच असतं," साहेब म्हणाले. "आणि मुलीनं लिहून दिलं असेल ना? नाहीतर हल्ली मोबाइलच लिहून देतो."

"मी लिहिलंय. नाव लागेपर्यंत मी रोज येणार."

ती खरंच रोज गेली, पाच दिवस. आमच्या फॉर्मबद्दल एक अक्षर बोलली नाही. सहाव्या दिवशी मला माझीच लाज वाटली. बसमध्ये तिच्याशेजारी बसूनच मी कंपनीच्या त्या पोस्टखाली लिहिलं, "२०१९ ला माझा फोटो लागला, ते कायझेन दीक्षा भालेरावनं लिहिलं होतं. सुचलं मला, लिहिलं तिनं. हेही तिनंच लिहिलंय. योगिनी." एवढ्याला थेरगाव ते चाकण अख्खा रस्ता लागला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली आमच्या लाइनवरच्या जाईबाईचं आलं, "माझंपण तिनंच." सुभद्राबाईंनी लिहायच्या ऐवजी आवाज रेकॉर्ड करून लाइनच्या ग्रुपवर टाकला, "माझं समदं तिनंच लिवलंय. मला निसती सही येती. भिंतीवरला फोटो काढायचा तर काढा." संध्याकाळपर्यंत एकोणीस जणी झाल्या. दुसऱ्या दिवशी 'प्रशिक्षण विभाग' गेला आणि तिथं दीक्षाचं नाव आलं.

मला वाटलं होतं, ती आभार मानेल. बसमध्ये तिनं मोबाइल काढला आणि आम्हा एकोणीस जणींना मिळून एकच उत्तर लिहिलं:

"पुढच्या महिन्यापासून आपापलं लिहायचं. शिकवायला मी आहे."

इंटरव्ह्यूला अजून आठ दिवस होते.