दुसऱ्या वेच्यावर बंद झालेला प्रयोग

चार वेचे, म्हणजे कापसाच्या चार वेचण्या, झाल्याशिवाय कपाशीचा उतारा सांगणाऱ्याला आमच्या यवतमाळकडे लोक येडा समजतात. माझा साहेब असाच होता, फक्त त्याला त्याबद्दल नागपुरात पगार मिळायचा.

मी संख्याशास्त्र शिकून नुकताच एका औषध कंपनीत लागलो होतो. कपाशीवर फवारायचं एक टॉनिक कंपनीला विकायचं होतं. ते खरंच काही करतं का, हे शेतात मोजून पाहायचं काम माझ्याकडे आलं. शेत कोणी देईना. शेवटी बोरी अरबजवळच्या माझ्या मामांनी आपलं दिलं. मामांना विचारल्याशिवाय त्या गावात कोणी बियाण्याची पिशवी फोडत नसे. मी शेताचे वीस पट्टे पाडले, चिठ्ठ्या टाकून दहांवर टॉनिक मारलं, दहा तसेच ठेवले. प्रत्येक पट्ट्याचा कापूस वेगळा तोलायचा आणि निकाल चौथ्या वेच्यानंतरच काढायचा, हे आधी लिहून त्यावर साहेबाची सहीसुद्धा घेतली.

साहेब शेतात एकदाच आला, सीतादहीच्या दिवशी. पहिल्या वेच्याआधी बाया शेतात पूजा करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तीच सीतादही. साहेबानं दहीभात खाल्ला, मामांना कपाशीत उभं करून फोटो काढला आणि गेला. पुढचं सगळं फोनवर. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"पहिला वेचा झाला ना? काय म्हणतो आकडा?"

"चौथ्यानंतर बघायचं ठरलंय, सर."

"अरे, बघायला काय जातं?"

बघायला काय जातं, हे मी त्याला तीनदा समजावलं. दोन पट्ट्यांत थोडा फरक असतोच. तो औषधाचा की योगायोगाचा, यासाठी आमची एक रेघ असते. औषधात काहीच दम नसताना एवढा फरक शंभरात पाचापेक्षा कमी वेळा दिसत असेल, तर तो खरा मानायचा. पण ही रेघ एकदाच, ठरल्या वेळी बघायची. दर वेच्याला डोकावत बसलं तर कधी ना कधी योगायोगच रेघ ओलांडतो, आणि आपण तेवढ्यात दुकान बंद केलं तर तोच निकाल ठरतो. पारावर पत्ते कुटणारेसुद्धा जिंकल्या डावावर उठणाऱ्याला शिव्या घालतात. साहेब सगळ्याला "हो हो" म्हणाला आणि दर वेच्याला आकडे मागवत राहिला.

पहिल्या वेच्याला काही नव्हतं. दुसऱ्यानंतर बेरीज केली तर आकडा रेघ ओलांडून गेला. साहेबानं माझं अभिनंदन केलं, जसं काही टॉनिक मीच प्यायलो होतो.

"फरक सिद्ध झाला. प्रयोग बंद."

"सर, दोन वेचे अजून झाडावर आहेत."

"असू दे झाडावर."

मामांनी मात्र तोलणं सोडलं नाही. "चार बोललो ना? मंग चारच," म्हणाले. तिसऱ्या वेच्याअखेर आकडा रेघेच्या अलीकडे आला. चौथ्यानंतर दोन्हीकडचा कापूस जवळपास सारखा. फवारलेली बोंडं थोडी आधी फुटली असतील, किंवा तेही नसेल. मी सगळं साहेबाला पाठवलं. त्यानं उत्तरादाखल अंगठा पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी कळवलं की हे प्रयोग संपल्यानंतरचं आहे, अहवालात येत नाही. हाच माणूस, दुसऱ्या वेच्याला आकडा आला नसता, तर चौथ्याची वाट बघत बसला असता. चौथ्यालाही आला नसता तर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर येणारा उरलासुरला कापूस, मोजायला लावली असती.

पुढच्या पेरणीच्या आधी गावातल्या कृषी केंद्रावर फलक लागला. सीतादहीचा मामांचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'फरक सिद्ध'. मामांनी मला बोलावून घेतलं आणि थेट दुकानात नेलं. सात-आठ जण बियाणं घ्यायला उभे होते.

"हा माहा भाचा. यानंच मोजलं," मामा म्हणाले. "सांग रे यायले, चौथ्या वेच्यात काय निघालं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुकानदारही. माझ्या नोकरीत कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात साहेबाच्या टेबलावर होता.

मी म्हणालो, "दुसऱ्या वेच्यापर्यंतचा आकडा बरोबर आहे."

"म्हंजे बरोबरच हाय तं!" एक जण म्हणाला आणि त्यानं दोन बाटल्या पिशवीत टाकल्या. बाकीच्यांनीही घेतल्या.

साहेबाची टिंगल मी आजवर कितीतरी जणांपुढे केली आहे. हा दुकानातला भाग कधी सांगितला नाही, कारण त्याची लाज वाटते. सोयीचं तेवढं दाखवून थांबायला त्याला निदान दोन वेचे लागले होते. मला एक वाक्य पुरलं.

परत येताना मामा गाडीवर मागे बसले होते. घराशी उतरल्यावर म्हणाले, "त्यानं दोनच पाहले. तुले तं चारही मालूम होते."

त्या हंगामात टॉनिकनं कोणाचाही कापूस वाढला नाही. तेव्हापासून मामांना बियाण्याचं विचारायला कोणी येत नाही. मी गेलो की मामा अजूनही आग्रहानं जेवू घालतात. कपाशीचं मला एका शब्दानं विचारत नाहीत.