चार-चार मिनिटांचं दुखणं

रोशनी जिना कधी साधा चढायचीच नाही. दोन पायऱ्या पटापट, तिसरीवर थांबायची. पुन्हा दोन पटापट, तिसरीवर थांबायची. कानात ती गाणी ऐकायची पांढरी बोंडं आणि ओठ सारखे हलतायत. आमच्या इमारतीचा जिना लाकडी, म्हणून ती आली की सगळ्यांना कळायचं. मी जिन्याखालच्या खोलीत राहते. कसबा पेठेत दारात बसून गोधड्या शिवते, चाळीस वर्षं झाली. मला वाटायचं, पोर नाचत चढते. वय आहे, असू दे.

पहिल्याच दिवशी तिला टोकलं. म्हटलं, "अगं, जिना चढतेस का लेझीम खेळतेस?"

"आजी, तालावर चढलं का जिना छोटा होते," ती म्हणाली.

गोंदियाकडची पोर. डिझाईनच्या कॉलेजात शिकायला आली होती, वरची खोली भाड्यानं घेतली होती. कॉलेजात तिच्या 'काहून'ला पोरं हसायची, म्हणून तिथं इंग्रजी झाडायची. माझ्यापाशी बसली की जीभ सैल सोडायची.

तिला कोरियातल्या पाच पोरांचं वेड होतं. गाणारी, नाचणारी पोरं, केस रंगवलेली. भिंतीवर तीच, मोबाईलवर तीच. त्यांच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण गाणी सगळी पाठ. त्यांच्यासारख्या लालभडक तिखट नूडल्स करून खायची आणि नाक ओढत बसायची. मी म्हणायचे, "गांडुळं झाली का खाऊन?" एकदा त्यातल्या एकाचा वाढदिवस म्हणून केक घेऊन खाली आली.

मी विचारलं, "त्या पोराला ठाऊक आहे का, तू इथं केक कापतेस?"

"नाही जी."

"मग काय उपयोग?"

"तुम्ही गणपतीले मोदक करता, तो येते का खायले?"

"तोंड फार चालतं तुझं," म्हटलं आणि केक खाल्ला.

मग माझ्या हातून एक चूक झाली. जुन्या कपड्यांचं एक गाठोडं तिनं मला दिलं, म्हणाली याची गोधडी शिवा. मी कापडावरचं चित्र बघत नाही. हाताला मऊ लागलं की ते आतल्या थराचं कापड, एवढंच मला कळतं. त्यात एक काळा टीशर्ट होता, अगदी मऊ पडलेला. कात्री घातली, चार तुकडे केले. संध्याकाळी रोशनी आली आणि उंबऱ्यातच बसली. तो तिच्या त्या पाच पोरांचा टीशर्ट होता, चुकून गाठोड्यात गेलेला. एका तुकड्यावर अर्धा चेहरा, दुसऱ्यावर एक डोळा.

"पहिल्या वर्षी इथं कोणी बोलत नव्हतं माझ्याशी," ती म्हणाली. "हा घातला का एकटं नव्हतं वाटत."

मला माफी मागायची सवय नाही. मी म्हटलं, "कापड रडत नाही, आपण कशाला रडायचं?" आणि मग का कोण जाणे, तिला दिलीपचं सांगितलं. माझा मुलगा. एकोणीस वर्षांचा होऊन तापानं गेला. त्या महिन्यात एक गोधडी द्यायची होती, कापड कमी पडत होतं. मी त्याचेच सदरे कापले आणि त्यात घातले.

"कोणाच्या गोधडीत गेले?"

"आठवत नाही."

तिनं आपले डोळे पुसले. थोड्या वेळानं म्हणाली, "मले शिकवा शिवायले."

शिकवलं. कॉलेजात शेवटच्या वर्षी काहीतरी मोठं काम करून दाखवायचं असतं, ती म्हणाली मी गोधडीच करते. त्या फाटक्या चेहऱ्यांची ठिगळं वर लावून तिनं बाईंना दाखवली. बाई म्हणाल्या, हे नुसतं पोस्टर झालं, यात तू कुठं आहेस? त्या दिवशी ती जिना चढली तो आवाज न करता. आठवडाभर सुईला हात लावला नाही.

मग एका दुपारी माझ्यापुढं बसून माझा हात बघत राहिली. "आजी, तुमची सुई तालात चालते." एक बोंड काढून माझ्या कानात घातलं. ढमढम काहीतरी सुरू झालं. मी म्हटलं, काढ हे. पण दहा टाक्यांनी माझी मलाच गंमत वाटली, सुई त्या गाण्यामागं धावत होती. रोशनी ओरडलीच. त्याच दिवशी तिनं ती सगळी ठिगळं उसवली आणि चेहरे आतल्या थरात घातले. "तोंडं पोटात, गाणी वर," म्हणाली. वर साधं निळं कापड, आणि एका गाण्याची टाक्यांची एक ओळ. ठोका पडला की टाका. गाणं पळालं की टाके बारीक, जवळजवळ. गाणं थांबलं की लांब टाका.

आमचं त्यावरून भांडण व्हायचं. मी म्हणायचे, "टाका एका मापाचा नसला तर गोधडी लवकर उसवते."

"उसवू द्या जी. सारख्या टाक्यात गाणं मरते."

आमच्यात गोधडी उपाशी ठेवत नाहीत. चौथा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा तुकडा घालतात, मग तोंड बंद करतात. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "माझी गोधडी भाकरी नाही खाणार. नूडल्स खाईल."

पावसाळ्यात एकदा ती दोन दिवस खाली आली नाही. मी वर गेले. पोटाशी पाय घेऊन पडलेली, कानात बोंडं. मी म्हटलं, "ऊठ, ऊन डोक्यावर आलं. नाटकं पुरे."

एक बोंड काढून हळू म्हणाली, "हे गाणं संपलं का उठते."

गाणं संपलं. उठली नाही, दुसरं लावलं. तेव्हा मी तिचा चेहरा नीट बघितला. मग तिनं सांगितलं. तिला सिकलसेल होता, जन्मापासून. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात, मग हाडं आतून फोडल्यासारखी दुखतात. जिन्यावर ती नाचत नव्हती. दोन पायऱ्यांनंतर तिसरीवर गुडघा नाही म्हणायचा.

"आजी, एक गाणं चार मिनिटांचं. चार मिनिटं कोणालेबी सोसवते. मग पुढचं लावायचं."

मी जन्मभर दुखणं गिळलं, पण अख्खंच गिळलं. ते असं चार-चार मिनिटांचं तोडून घ्यावं, ही अक्कल मला कुणी दिली नव्हती. तिथंच बसून राहिले. नाटकं म्हटलं ते परत घेता आलं नाही, म्हणून तिचे पाय चेपले.

बरी झाल्यावर तिनं विचारलं, "दिलीपदादा काय ऐकायचा?" घरात रेडिओ नव्हता. तो शीळ घालायचा, कामावरून येताना, गल्लीच्या तोंडापासून. म्हणाली, म्हणून दाखवा. मला शीळ येत नाही, नुसतं गुणगुणले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिनं पांढरा दोरा ओवला आणि त्याची एक ओळ घातली, पाच पोरांच्या गाण्यांच्या मधोमध. मी बोट फिरवून बघितलं. तीच चाल होती. शेवटी वर जाऊन तुटणारी.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि तिच्या छातीत धरलं. दवाखान्यात नेलं. एक ओळ आणि चौथा कोपरा राहिला होता, आणि पंधरा दिवसांवर कॉलेजचं प्रदर्शन. नाकाला नळी लावलेली, तरी तेच.

"संपली पाहिजे जी. शेवटची ओळ तुम्ही घाला. पण सरळ टाका नका घालू."

"तुझं वाकडं मला नाही जमायचं. तूच घाल, घरी आल्यावर."

"मग नूडल्स तरी घाला."

चौथ्या दिवशी ती गेली. चार मिनिटंसुद्धा सोसवेनात, असं शेवटी झालं असेल. मी तेव्हा तिथं नव्हते. तिची आई होती.

आठ दिवसांनी आई खोली आवरायला आली. कॉलेजच्या बाईही आल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आजी, कोपरा उघडाच राहू द्या. अपुरी जास्त बोलकी वाटते."

मी म्हटलं, "बोलेल ती. आधी तिला जेवू द्या."

नाक्यावरच्या दुकानात गेले, ते लाल पाकीट मागितलं. दुकानदार हसला. "आजी, तुम्ही कधीपासून?" म्हटलं, "आजपासून."

गोधडी पसरून मी आणि तिची आई दोन्हीकडं बसलो. ती माउली हात फिरवत होती. तिला पांढरी ओळ दिसली, विचारलं, हे कोणतं गाणं जी? मी म्हटलं, ते माझ्या मुलाचं. तुमच्याकडं येतंय, सांभाळा. तिनं मान हलवली. मग विचारलं, "इथं पोटभर जेवत होती ना माही पोरगी?"

"जेवायची," म्हटलं. "हेच जेवायची." आणि पाकीट फोडलं. कोरड्या नूडल्सचा तुकडा कोपऱ्यात सारला. तिखटाच्या पुडीतलंही चिमूटभर टाकलं, नुसतं फिकं तिनं खाल्लं नसतं.

शेवटची ओळ मी गाण्याशिवायच घातली. तिचा मोबाईल आईच्या पिशवीत होता, पण लाव म्हणायचा धीर दोघींनाही झाला नाही. कोपऱ्याशी आले तशा सुईखाली नूडल्स करकर मोडायला लागल्या. गाठ मारली, दोरा दातानं तोडला, आणि सवयीनं टाक्यांवरून बोट फिरवलं.

चाळीस वर्षांत माझा टाका कधी वाकडा पडला नाही. आज तो पडला होता. दोन जवळजवळ आणि मग एक लांब. दोन जवळजवळ आणि मग एक लांब. जिना चढल्यासारखा, वरपर्यंत.